प्रिन्सिपल मॅडम ‘गेल्या’

मराठीत ‘गेल्या’ हे क्रियापद फार जपून वापरावं लागतं. ‘आपल्या प्रिन्सिपल मॅडम गेल्या’ एवढाच निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला पडला, तर पहिले चार जण हात जोडतात, पाचवा ‘ओम शांती’ लिहितो आणि सहावी खुलासा करते की मॅडमना काहीही झालेलं नाही, त्या फक्त हिंजवडीकडच्या दुसऱ्या शाळेत गेल्या आहेत. खरा शोक इथून पुढे सुरू होतो. मॅडम देवाघरी गेल्या असत्या तर मंडळींनी हळहळून सकाळी पोरांना बसमध्ये बसवून दिलं असतं. पण त्या दुसऱ्या शाळेत गेल्या म्हणजे त्यांना काहीतरी कळलं असणार, जे आपल्याला कळलेलं नाही! सकाळपर्यंत कुणीतरी आयटीतला बाप एक्सेलची शीट करून टाकतो. त्यात तीन शाळा असतात : आपली, मॅडम गेल्या ती, आणि कुणाच्या तरी नणंदेची मुलं जातात ती. रकाने असतात फीचे, बसच्या अंतराचे, बोर्डाचे, स्विमिंग पूलचे आणि ‘ऑलराउंड डेव्हलपमेंट’चे. मुलाला वर्गात शिकवणार कोण, याचा रकाना सहसा नसतो. माझं सगळं म्हणणं त्या न आखलेल्या रकान्याबद्दल आहे. मुख्याध्यापक बदलले म्हणून शाळा बदलू नये. त्यांच्या मागोमाग शिक्षक निघाले, तर मात्र खुशाल बदलावी.

खासगी शाळा आणि तिथला खांदेपालट या विषयात पुण्याचा अनुभव दीडशे वर्षांच्या घरातला आहे. जानेवारी 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडून न्यू इंग्लिश स्कूल काढलं. टिळक जोडीला होतेच, आगरकर पाठोपाठ आले. मार्च 1882 मध्ये, म्हणजे शाळेला जेमतेम दोन वर्षं होतात न होतात तोच, चिपळूणकर वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. पुढे 1890 मध्ये टिळकांनी भांडून संस्था सोडली आणि 1895 मध्ये आगरकरही गेले, तेही पहिल्या अर्थाने. आता हाच क्रम आजच्या पालक ग्रुपवर घालून बघा. संस्थापक खलास, दोन शिक्षक गजाआड, आणि मुलाची सहामाही तोंडावर! दाखले काढायला शनिवारवाड्यापर्यंत रांग लागली असती. शाळा मात्र अजून चालू आहे. कारण ती एका माणसाच्या खुर्चीवर उभी नव्हती. माधवराव नामजोशी होते, कोशकार वामन शिवराम आपटे होते, आणि पुढे ही शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत तर वीस वीस वर्षं शिकवण्याची बांधिलकी पत्करणारे आजीव सदस्य होते. वर कितीही रामायण घडलं तरी सकाळी तास घ्यायला ओळखीचाच माणूस वर्गात येत होता. आजच्या किती शाळा एवढं सांगू शकतील?

अनुदानित शाळांत तर मुख्याध्यापक बदलणं हा ऋतुमानाचा भाग आहे. खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली यांच्या कृपेने तिथे खुर्ची सेवाज्येष्ठतेने मिळते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटते. ज्येष्ठतेच्या यादीत वर सरकत सरकत माणूस खुर्चीपर्यंत पोचतो, तोवर अनेकदा वर्ष-दोन वर्षंच उरलेली असतात. त्यातलं अर्धं पेन्शनच्या कागदांत जातं आणि उरलेलं आधीच्या मुख्याध्यापकांच्या अर्धवट राहिलेल्या टिपणांचा अर्थ लावण्यात. मग शाल, श्रीफळ, ‘सरांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे’ हे वाक्य, आणि ती पोकळी भरायला यादीतले पुढचे सर समोरच पहिल्या रांगेत बसलेले. अशा निरोपसमारंभानंतर कुणी पोराचा दाखला काढल्याचं ऐकिवात नाही. मुळात नवे मुख्याध्यापक आले आहेत हे पालकांना निकालपत्रावरच्या सहीवरून कळतं. विनाअनुदानित शाळांनी हे सगळं बदललं. त्यांनी प्रिन्सिपलचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर चढवला. बारशापासून मुंजीपर्यंत सगळ्यांचे फ्लेक्स लागतात, मग मॅडमचा का नको, हे खरंच. पण ज्या मालावर एकाच चेहऱ्याचं चित्र छापलं, तो चेहरा निघून गेला की गिऱ्हाईक माल पारखून घेणारच. पालक घाबरतात यात त्यांचा दोष निम्माच आहे. उरलेला फ्लेक्स छापणाऱ्याचा.

नवे प्रिन्सिपल येतात तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत काय बदलतं, हेही बघण्यासारखं असतं. डायरीचं मुखपृष्ठ बदलतं. गणवेशातला निळा अधिक निळा होतो आणि आधीचा कमी निळा गणवेश, तीनच महिन्यांपूर्वी घेतलेला, घरातल्या फरशा पुसायला जातो. ‘हाउस’ची नावं नद्यांवरून पर्वतांवर जातात. मोबाईलमधलं जुनं ॲप काढून नवं घ्यावं लागतं, आणि त्याचा पासवर्ड आईला माहीत असतो, ओटीपी बाबांकडे येतो. परिपाठात ‘आमच्या आधीच्या शाळेत’ हे शब्द सासरी नव्याने आलेल्या सुनेच्या ‘आमच्याकडे की नाही’ इतक्या वेळा ऐकू येतात. थोडक्यात, जे ऑर्डर देऊन मागवता येतं ते लगेच बदलतं. चौथीच्या वर्गात अपूर्णांक ज्या बाई शिकवतात त्या बाई, त्यांचा खडू आणि ‘पोळीचे चार भाग केले तर’ हे त्यांचं उदाहरण तिथेच राहतं. पालकांनी भ्यायचं असेल तर त्या बाई निघून जाण्याला भ्यावं.

यावर अभ्यासू पालकांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटा नाही. शाळेचा सूर मुख्याध्यापकच लावतात, असं ते म्हणतात. शिक्षणाचे अभ्यासक केनेथ लीथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये शाळांवरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात शाळेच्या हातातल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर वर्गातल्या अध्यापनाखालोखाल परिणाम होतो तो शाळेच्या नेतृत्वाचा, असं म्हटलं आहे. हे वाक्य प्रिन्सिपलांच्या परिषदांमध्ये मोठ्या प्रेमाने उद्धृत होतं, फक्त ‘खालोखाल’ हा शब्द जरा हळू म्हटला जातो. शिवाय तोच आढावा पुढे सांगतो की हा परिणाम बहुतांशी आडवाटेने होतो. चांगला मुख्याध्यापक तुमच्या मुलाला स्वतः गणित शिकवत नाही. तो गणिताच्या बाईंना टिकवतो, त्यांच्यामागचं फॉर्म भरण्याचं शुक्लकाष्ठ कमी करतो, आणि ‘माझ्या मुलीला नव्व्याण्णवच का?’ विचारायला आलेल्या बापाला बाहेरच्या बाहेर चहा पाजून परत पाठवतो. असा माणूस गेला तर नुकसान होतं, कबूल. पण ते शिक्षकांच्या वाटेनेच मुलापर्यंत पोचतं. त्या वाटेवर नजर ठेवली की पुरे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिक्षक होते. तिथल्या मुख्याध्यापकांचं नाव अमळनेराबाहेर कुणाला विचारून बघा.

आता ज्या शाळेला पाच वर्षांत चार प्रिन्सिपल झाले, तिची गोष्ट निराळी. तिथे दोष बसणाऱ्यांत नसून खुर्चीत असतो, आणि खुर्चीची दोरी वरच्या मजल्यावरच्या ट्रस्टींच्या हातात असते. आपल्याकडच्या खासगी शाळेत प्रिन्सिपल हे पद साधारण गणपतीतल्या कार्यकर्त्यासारखं आहे : वर्गणीबद्दल लोकांच्या शिव्या त्याने खायच्या, हिशेब अध्यक्षांनी ठेवायचा. राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यातली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समितीच बघा. फीवाढीचा प्रस्ताव ठेवणार व्यवस्थापन. तो तपासणाऱ्या समितीच्या अध्यक्षस्थानी त्याच व्यवस्थापनाने नेमलेले प्रिन्सिपल. समोर पालक, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले. अशा खुर्चीवर एखादा ताठ कण्याचा माणूस फार दिवस बसला तर नवल. म्हणून ‘मॅडम गेल्या’ हे कळल्यावर पहिला प्रश्न ‘कुठे गेल्या?’ हा नको, ‘का गेल्या?’ हा हवा. पगारासाठी गेल्या, नवऱ्याची बदली झाली, घराजवळ नोकरी मिळाली, तर तुम्हीही नोकऱ्या बदलताच की. पण फीच्या प्रस्तावावर सही करायला नकार देऊन गेल्या असतील, तर पुढच्या मॅडमचं सुंदर अक्षर पाहून हुरळून जाऊ नका.

‘पण थांबून बघत बसलो तर जागा जाते’ हा दुसरा आक्षेप, आणि व्यवहारी माणसाला तो जास्त बोचतो. चांगल्या म्हणवणाऱ्या शाळांचे प्रवेश दिवाळीनंतर सुरू होतात आणि संक्रांतीपर्यंत आटोपतात, तेव्हा निर्णय तिळगुळाच्या आत हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने मुलाला शाळा बदलण्याचा हक्क दिला आहे खरा, पण तो सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यापुरता. विनाअनुदानित शाळेत जाण्याचा हक्क फीच्या पावतीनेच सिद्ध होतो, आणि एक्सेल शीटवाल्यांना जायचं असतं तिथेच. म्हणजे घाई समजण्यासारखी आहे. मात्र घाईत एक साधी गोष्ट सुटते. मॅडम ज्या शाळेत गेल्या, तिथेही मॅडम नव्याच आहेत! तिथलेही कुणीतरी प्रिन्सिपल ‘गेले’ आहेत, तिथल्याही ग्रुपवर रात्री साडेदहाला हात जोडले गेले आहेत, आणि तिथल्याही एखाद्या बापाने शीट करून त्यात तुमच्या शाळेला दुसऱ्या ओळीत बसवलं आहे. खांदेपालटाच्या भीतीने तुम्ही तिकडे आणि ते इकडे, असे दोन तांडे हातात दाखले घेऊन मुळा नदीच्या पुलावर एकमेकांना ओलांडतात. पलीकडे पोचल्यावर दोघांच्या पदरी नवा गणवेश, नवं प्रवेशशुल्क, पाऊण तास लांबलेली बस, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडायला सोबत कुणी नसलेलं पोर.

मग शाळा निवडायची तरी कशी? विचारपूस करायला लाजू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला शाळांना मनाई केली आहे आणि पहिल्या चुकीला 25,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पालकांनी शाळेची मुलाखत घेण्यावर मात्र कुठल्याही कलमाने बंदी घातलेली नाही. तरी ‘मिस्टर काय करतात?’ला आपण घाम पुसत उत्तरं देतो आणि ‘गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले?’ हे विचारायचं विसरून येतो. सीबीएसईच्या शाळांना प्राचार्यांची पात्रता, शिक्षकांची संख्या आणि तीन वर्षांचे बोर्डाचे निकाल आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. बोर्डाचा दंडक दर तुकडीमागे दीड शिक्षकाचा आहे. काही ठिकाणी एक कुठला आणि अर्धा कुठला हे चेहऱ्यावरून कळतं, ते सोडा. संकेतस्थळापेक्षा मला रिक्षाकाकांचा भरवसा अधिक वाटतो. कुठल्या बाई सुट्टीनंतर परत आल्या नाहीत, कुणाच्या जागी जूनपासून तिसरी मुलगी आली आहे, हे फाटकाबाहेर रोज अर्धा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला ट्रस्टींच्या आधी कळतं.

आणि हे सगळं जमलं नाही, तर आपल्याच पोराची एक वही मागून घ्या. गणिताची नको, मराठीची किंवा इंग्रजीची घ्या, निबंधाची असेल तर उत्तम. खाकी कव्हर, कोपऱ्यात लेबल, आत जूनपासूनची पानं. लाल शाईची बरोबरची खूण एकाच शब्दाजवळ आहे, की पानाच्या डोक्यापासून तळापर्यंत पतंगाच्या मांज्यासारखी सरसर खाली आली आहे, ते बघा. ‘पाउस’ हा शब्द ऑगस्टमध्ये चुकला होता, तिथे कुणी ‘ऊ’ दीर्घ करून दाखवला आहे का, आणि ऑक्टोबरात पोराने तो बरोबर लिहिला आहे का, तेही बघा. शेवटी जून ते डिसेंबर ही लाल अक्षरं किती जणांच्या हातची आहेत, ते मोजा. सगळीकडे एकच हात दिसला, तर वर खुर्चीत कुणीही येवो, पोराला तिथेच राहू द्या. तीन निराळे हात दिसले, तर दाखल्याचा अर्ज शाळेच्या ऑफिसच्या खिडकीत मिळतो. ती मधल्या सुट्टीत बंद असते.