शक्तिमान, किरकोळ रजा आणि प्रस्तुत लेखक

डोंबिवली पूर्वेच्या एका गल्लीत दूरदर्शनच्या 'शक्तिमान' मालिकेची गोष्ट प्रस्तुत लेखकाइतकी कुणालाच ठाऊक नाही, हे एके काळी सर्वमान्य होते. या लौकिकाचे श्रेय त्याच्या बुद्धीला नव्हते, विजेच्या तारांना होते. रविवारी दुपारी गल्लीच्या अलीकडची वीज गेली तरी पलीकडची बहुधा टिकायची, आणि पलीकडे लेखकाची मावशी राहायची. पडद्यावर खलनायक तमराज किल्विषाने 'अंधेरा कायम रहे' म्हणावे आणि अलीकडच्या बिल्डिंगींतले टीव्ही गप्प व्हावेत, हा योग इतक्यांदा जुळायचा की फ्यूज काढायला किल्विषाने माणसे नेमली आहेत, अशी पोरांची पक्की समजूत होती.

संध्याकाळी जिन्यात बैठक बसे. लेखक वरच्या पायरीवर, वंचित श्रोते खाली. त्याच्या सांगण्यात शक्तिमान मूळ मालिकेपेक्षा अंमळ जास्त वेळ गरगर फिरायचा आणि एक-दोन मारामाऱ्या वाढायच्या. एकदा तर त्याने पदरचा एक खलनायकच घुसवला. पुढच्या रविवारी नेमकी सगळीकडे वीज टिकली आणि खलनायक काही आला नाही. 'तो दिवाळीनंतर येणारे,' असे लेखकाने शांतपणे जाहीर केले. श्रोत्यांनी ते मानले. किटू गिडवानींच्या जागी वैष्णवी महंत गीता विश्वास म्हणून आल्या, तेव्हा खुलासा मागायला मंडळी त्याच्याकडेच आली. डॉक्टर जॅकॉलच्या प्रयोगात गीताचा चेहरा बदलला, हे उत्तर लेखकाचे. निर्मात्यांनी ते वापरले नाही, हे त्यांचे नुकसान.

आता लेखकाचा एक लाडका मुद्दा. तो काढला की घरचे उठून जातात, वाचकांना तेवढी मोकळीक नाही.

शक्तिमान एरवी पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री असतो आणि 'आज की आवाज' या वर्तमानपत्रात फोटोग्राफर असतो. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन छापून आला, तोही वार्ताहर. स्पायडरमॅनचा पीटर पार्कर तर वर्तमानपत्राला स्वतःचेच फोटो विकतो. जगातले इतके महानायक पत्रकारितेतच का? कारण उघड आहे. 'बातमीवर जातो' म्हणून केव्हाही बाहेर पडता येते आणि मस्टरशी कुणाला देणेघेणे नसते. पण डोंबिवलीत जन्मलेल्या महानायकाला असे मोकाट सोडणार कोण? त्याला आधी बँकेची परीक्षा द्यायला लावतील. तो पास होईल, कॅश काउंटरवर बसेल, आणि पहिल्या तारखेला पेन्शनरांची रांग लागलेली असताना शहराच्या दुसऱ्या टोकाला किल्विष काहीतरी पेटवेल. शक्तिमानासारखी त्याचीही कुंडलिनी सूर्यांशी ऋषींनी जागृत करून दिली असली तरी कॅश जुळल्याशिवाय काउंटर सोडता येत नाही. किरकोळ रजा मोजक्याच. त्या गणपतीला आणि भाच्याच्या मुंजीला राखून ठेवलेल्या. सलग आठवडाभर जग वाचवायचे तर अर्जित रजेचा अर्ज, आणि त्यात 'कारण' नावाचा रकाना. तिथे काय लिहिणार? 'घरगुती'?

शिवाय रूप पालटायचे कुठे? डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ४८ किलोमीटर. सकाळच्या फास्टमध्ये हात आपोआप वर गेलेलाच असतो, तेवढे शक्तिमानासारखे जमते. पण गरगर फिरायचे म्हटले तर मुलुंड गेल्याशिवाय मानसुद्धा वळत नाही. आणि गुप्ततेचे तर नावच नको. गंगाधरचा चष्मा आणि पुढे आलेले दात एवढ्यावर गीता विश्वास वर्षानुवर्षे फसली. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी विचारले असते, 'काय रे, काल ते अंगात सोनेरी काय घातलं होतंस?'

लेखकाचे वडील बँकेतच होते, त्यामुळे हे सगळे अभ्यासपूर्ण आहे. वडील मालिकेकडे पेपरआडून बघत आणि एकच प्रश्न विचारत: 'फोटो काढणारा हाच, मग उडतंय कोण?'

त्या काळी एक वाईट गोष्टही झाली. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुले स्वतःला इजा करून घेतात, अशा बातम्या आल्या आणि असे करू नका, हे शक्तिमान झालेल्या मुकेश खन्नांना पडद्यावरून सांगावे लागले. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला असा कुठलाही भरवसा नसतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधून माणसे खाली पडली, त्यातली काही गेली. त्यांना फक्त कामावर वेळेत पोचायचे होते. नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवू, असे रेल्वेने त्याच दिवशी जाहीर केले. दरवाजा बंद करायला कुंडलिनी लागत नाही. तो आधीच का सुचला नाही, याचा राग लेखकाला गाडीत चढताना रोज येतो आणि धक्काबुक्कीत रोज विरून जातो.

तर, गोष्ट सांगायची खोड. ती मोठेपणीही गेली नाही. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सीडब्ल्यू वाहिनीने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' नावाचा घाट घातला: सुपरगर्ल, बॅटवुमन, फ्लॅश, ॲरो आणि लेजंड्स ऑफ टुमॉरो या पाच मालिकांत मिळून एकच गोष्ट. तीन भाग डिसेंबरात, उरलेले दोन १४ जानेवारीला. चार मालिका न बघता पाचवी बघितली तर कोण कुणाचा कोण, हे कळायची सोय नाही. लेखकाने सगळ्या बघितल्या, आणि पाचही भाग संपताच ग्रुपला गाडीत सांगायला घेतले. त्याची एक युक्ती होती. पारसिकच्या बोगद्याच्या तोंडाशी गोष्ट ऐन घोळात आणून सोडायची. आत आवाजामुळे बोलता येत नसे, बाहेर पडेपर्यंत मंडळी तळमळत. १९१६ सालचा तो बोगदा, त्याचा असा वाङ्मयीन वापर आधी कुणी केला नसावा.

'पहिल्याच भागात ॲरो मरतो,' लेखक म्हणाला आणि गाडी बोगद्यात शिरली. बाहेर पडली तेव्हा शेजारच्या मुलाने कानातले काढले होते. 'काका, स्पॉयलर!' यातला 'काका' जास्त लागला. त्याला दिलासा म्हणून लेखक म्हणाला, 'अरे, काळजी करू नकोस. तो परत येतो, आणि चौथ्या भागात पुन्हा मरतो.' मुलगा पुढच्या स्टेशनात डबा बदलून गेला. जिन्यात ज्याच्यासाठी जागा राखून ठेवत, तेच काम आता गुन्ह्यात जमा झाले होते. हल्ली मालिका स्वतःच 'मागील भागात' म्हणून सांगून टाकते, तेही एका मिनिटात आणि पदरचे काहीही न घालता.

मग टाळेबंदी आली. एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शनने रामायण-महाभारताबरोबर 'शक्तिमान'ही पुन्हा लावले. लेखक डोंबिवलीत, निवृत्त वडील कल्याणला एकटे, मधला रस्ता बंद. दुपारी लेखकाची ऑफिसची मीटिंग असायची, म्हणून संध्याकाळी वडिलांचा फोन यायचा. 'ऐक. आज तो ओरडणारा माणूस परत आला.' किल्विषाचे नाव त्यांच्या तोंडी कधी बसले नाही, पण बाकी सगळे खातेवहीसारखे क्रमवार. एकदा त्यांनी पुलावरच्या मारामारीचे मोठे बहारदार वर्णन केले. रात्री लेखकाने तो भाग यूट्यूबवर काढून बघितला. त्यात पूलच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोनवर लेखकाने विचारले, 'बाबा, मग पुलावरचं पुढे काय झालं?' वडील जरा थांबले आणि म्हणाले, 'ते उद्या दाखवणारेत.'

१३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झालेली मालिका २७ मार्च २००५ ला संपली. तो शेवट कुणा वाचकाला आठवत असेल तर यूट्यूब न उघडता, आठवेल तसा आणि जमल्यास थोडा वाढवून सांगावा. लेखक सकाळच्या फास्टला मधल्या डब्यात असतो. खिडकीशी शोधू नये, तिथे त्याला कुणी बसू देत नाही.