एका पुडीचा जमाखर्च

प्रति,
मा. प्रमुख, शाश्वतता विभाग
(कंपनीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. हेच पत्र चार-पाच कंपन्यांना चालेल, आणि दर वेळी नव्याने लिहायला हात दुखतो.)

स. न. वि. वि.

आपला शाश्वतता अहवाल नातवाने मोबाइलवर उघडून दिला. मुखपृष्ठावर ओंजळ, ओंजळीत माती, मातीत रोप. माती तळव्याला लागली आहे, नखांत मात्र कणभर नाही. फोटोग्राफरचे कौतुक वाटले.

मी कापडगिरणीच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षे काढली, त्यामुळे चित्रे सोडून आकड्यांकडे वळलो. वाचवलेली वीज, मुरवलेले पाणी, लावलेली झाडे, सगळे जमेच्या बाजूला. शाम्पूची एक रुपयाची पुडी मात्र नावे टाकलेली कुठे सापडेना. असा ताळेबंद मी गिरणीत नेला असता तर मोठ्या साहेबांनी खतावणीसकट मला घरी पाठवले असते.

पुडीवर माझा राग नाही. कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी पुडीची कल्पना काढली ती माल गरिबालाही परवडावा म्हणून. आमच्या चाळीत शाम्पू आजही त्यामुळेच परवडतो. एवढेच नव्हे, मिलिलिटरवारी हिशेब मांडला तर पुडी बाटलीपेक्षा कित्येकदा स्वस्त पडते. हे कसे, यावर मी दोन रात्री डोके खाजवले. (शाम्पू आपलाच वापरतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.) उलगडा तिसऱ्या सकाळी झाला. कचरा वेचायला येणाऱ्या मावशींनी बाटली गोणीत टाकली, पुठ्ठा टाकला, पुडी होती तिथेच ठेवली. विचारले तर म्हणाल्या, "आजोबा, ह्याला भंगारवाला हात लावत नाय." वेगवेगळ्या प्लास्टिकचे, कुठे ॲल्युमिनियमचे, पापुद्रे एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणे कुणालाच परवडत नाही. म्हणजे त्या रुपयात शाम्पू आहे, छपाई आहे, जाहिरातीतल्या नटीचे केस आहेत. उचलणावळ तेवढी नाही. ती आमच्या गटाराच्या खात्यावर पडते, म्हणून पुडी स्वस्त.

कायदा आपल्या बाजूने आहे, त्याबद्दल अभिनंदन. 2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत पुनर्प्रक्रिया न होणारे बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचे ठरले होते. दोन वर्षे भरली तशी 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि बंदीच्या वाक्यात 'ज्यापासून ऊर्जा मिळत नाही', 'ज्याचा दुसरा उपयोग नाही' असे शब्द येऊन बसले. आता सिमेंटच्या भट्टीत जे जळते ते ऊर्जा देणार नाही तर काय देणार? थोडक्यात, जळते ते चालते. त्याच वर्षी 23 जूनपासून राज्यात पिशवीबंदीचा दंड सुरू झाला. आमच्या किराणावाल्याची कॅरीबॅगसाठी पाच हजारांची पावती फाटली. ती फाडणाऱ्या साहेबांच्या डोक्यावर आपल्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या हलत होत्या. त्या कारखान्यातूनच भरून येतात, म्हणून सुटल्या.

आपल्या किनारा सफाई मोहिमेलाही मी गेलो होतो. टोपी मिळाली, टी-शर्ट मिळाला, नाश्त्याला वेफर्सचे पाकीट मिळाले. वाळूतून निघालेल्या ढिगात आपल्याच पुड्या होत्या. ढिगाचा फोटो अहवालात आहे. पुड्यांवरचे नाव मात्र धुक्यात गेले आहे. खर्च दाखवला आहे सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांत. आपलेच खरकटे उचलायचे आणि ते दानधर्मात लिहायचे, ही नोंद एकतीस वर्षांत मला सुचली नाही. नाहीतर गिरणी आज चालू असती.

अहवालात 'मूल्ये' हा शब्द पानोपानी आहे. मराठीत मूल्य म्हणजे किंमतही. एवढ्या मूल्यांतले एखादे पुडीवर लागू करता येईल का? आरेचे दूध काचेच्या बाटलीत यायचे. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. त्याला कुणी शाश्वतता म्हणत नव्हते. केंद्रावरच्या बाई ओरडत, एवढेच. गोडेतेल आम्ही बरणी नेऊन सुटे आणायचो. तसे दुकानात शाम्पूचे पिंप ठेवा, आम्ही बाटली घेऊन येऊ, रुपयाचा माल रुपयात मोजून घेऊ. ते कमीपणाचे वाटत असेल तर रिकाम्या पुडीला आठ आणे द्या. दुधाच्या पिशवीला सरकारने कागदावर का होईना 50 पैसे ठरवलेच होते. मावशी एकही पुडी रस्त्यावर ठेवणार नाहीत, माझा शब्द. आणि आठ आणे देऊन धंदा बसत असेल, तर इतकी वर्षे ते आठ आणे कोण भरत होते, हे पुढच्या अहवालात छापा. ओंजळीच्या फोटोखाली जागा आहे.

कळावे,
आपला नियमित गिऱ्हाईक

सोबत: आपल्या रिकाम्या पुड्या, नग 212. एक गल्ली, आठ दिवस. धुऊन वाळवलेल्या.

ता. क. पिशवी कापडाची आहे. ती तेवढी परत पाठवावी.