एका पसंतीची किंमत

बातमीखाली अभिप्राय दाखल केला की तो ‘तपासणीसाठी प्रलंबित’ अशा शेऱ्यानिशी कुठल्याशा अदृश्य बारनिशीत जाऊन पडतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु अर्जदाराने त्यात भारदस्त समास आणि अर्धविराम यांची यथास्थित पेरणी केलेली असेल, तर मंजुरीपर्यंतचा काळ त्याच्या जिवाला केवढा घोर लावतो, याची कल्पना ‘छान बातमी’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांना यायची नाही. माझे विवेचन अखेर मंजूर झाले, पण यादीच्या तळाशी. माथ्यावर ‘अगदी बरोबर!!’ ही कोणा प्रतिभावंताची दोन शब्दांची कृती विराजमान होती.

माझ्या नावे पसंती एकच, तीही धाकट्या बहिणीची. नुसत्या बेरजेपुढे इलाज नाही, हे मला मान्य आहे. पण विरोधात कोणी नसल्याने टक्केवारीने मी पुरता शंभर ठरत होतो. हा न्याय मागायला मी शास्त्राकडे गेलो आणि एडविन बिडवेल विल्सन या हार्वर्डच्या पंडिताच्या तावडीत सापडलो. थोड्या नमुन्यावरून काढलेल्या प्रमाणावर कितपत भरवसा ठेवावा, याचे सूत्र त्यांनी १९२७ साली मांडले. रेडिट या संकेतस्थळाने २००९ मध्ये तेच अभिप्रायांच्या क्रमवारीला जुंपले. आता सूत्राची करामत पाहा: ९५ टक्के खात्रीचे माप धरले, तर शंभरांपैकी नव्वद मते मिळवणाऱ्याच्या पदरी निदान सुमारे ८३ टक्के पडतात, आणि एकापैकी एक मिळवणाऱ्याच्या पदरी जेमतेम २१! म्हणजे सख्ख्या बहिणीची उरलेली ७९ टक्के साक्ष या गृहस्थांनी तिला न पाहताच नामंजूर केली. (पाहिली असती तर आणखी कापली असती, ही गोष्ट अलाहिदा.)

क्रमवारीच्या आधी लागणाऱ्या तपासणीचे प्रकरण मात्र याहून जड निघाले. गार्डियन या वृत्तपत्राने २०१६ साली आपल्याकडील सात कोटी अभिप्रायांची छाननी केली, तेव्हा सर्वाधिक अभद्र मारा सोसणाऱ्या दहा लेखकांत आठ स्त्रिया निघाल्या, आणि उरलेले दोघे पुरुष कृष्णवर्णीय होते. असा मजकूर अडवायचा तर तो आधी कोणीतरी वाचावा लागतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ पासून मदतीला यंत्र घेतले, ते मजकुराच्या विषारीपणाला गुण देते म्हणे. पण शेवटचा शेरा मारायला कोणीतरी पगारी माणूस बसवलेलाच असतो, आणि दिवसभर परक्या आयाबहिणींचा उद्धार वाचून तो संध्याकाळी घरी काय बोलत असेल, या विचाराने माझा क्रमवारीवरचा राग बराच उतरला.

त्या चिखलातून वर येता येता माझे विवेचन हाती लागले तेव्हा त्याला हायसे वाटले असावे, अशी माझी समजूत आहे. न वाचताच मंजुरीची कळ दाबली असेल, तर मात्र तक्रार कोणाकडे गुदरायची, ते सध्या मी नियमावलीत शोधतो आहे.