मॅचच्या दिवशीचे डॉक्टर

सोमवार ते शुक्रवार डॉक्टरांइतका मवाळ माणूस दक्षिण वेल्सच्या ऱ्हाँदा खोऱ्यात शोधून सापडणार नाही. पेशंट कितीही लांबण लावो, मान डोलावत ऐकून घेणार. कुणी गूगलवरून स्वतःचं निदान करून आला तरी 'असेलही' म्हणणार. शनिवारी कार्डिफला वेल्सची रग्बी मॅच असली की हेच गृहस्थ सकाळी लाल जर्सी चढवून जिना उतरतात आणि शेवटच्या पायरीवर येईपर्यंत रेफरीचा उद्धार सुरू झालेला असतो. मॅच असते दुपारनंतर. रेफरी बिचारा हॉटेलात अंघोळ करत असेल. पण डॉक्टरांचं खातं आगाऊ चालतं.

हे कोणा एकाचं चित्र समजू नका. दक्षिण वेल्समधल्या जुन्या कोळसाखाणींच्या गावांत असा एखादा मराठी डॉक्टर भेटतोच. ज्या ट्रेडीगर गावच्या अन्यूरिन बेव्हनने १९४८ साली मोफत सरकारी आरोग्यसेवा उभी केली, त्याच भागातल्या गावांत दवाखाना चालवायला पुढे गोरे डॉक्टर मिळेनात. मग भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी ते दवाखाने सांभाळले. त्यांतलेच हे. 'दोन वर्षं काढू आणि लंडनला जाऊ' असं म्हणत आले. लंडनला जातात ते आता फक्त ट्विकनहॅमला, वेल्स इंग्लंडशी खेळत असेल तेव्हा, आणि तेही तोंड वाकडं करून.

गावात त्यांना आडनाव नाही. कुलकर्णी असो की जगदाळे, खोऱ्यात सगळ्यांचा 'डॉक' होतो. या डॉकला तिकिटं कशी मिळतात हा वेगळाच विषय आहे. स्टेडियममध्ये साधारण चौऱ्याहत्तर हजार माणसं मावतात आणि इंग्लंडची मॅच असली की तिकिटं हवी असलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त. पण बरीच तिकिटं गावोगावच्या रग्बी क्लबांमार्फत वाटली जातात, आणि क्लबच्या सेक्रेटरीचं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या हातात असतं. मी कुणावर आरोप करत नाही. एवढंच सांगतो की जानेवारीत सेक्रेटरीची तपासणी फार बारकाईने होते.

भारतातून कुणी पाहुणा आला आणि ते दिवस फेब्रुवारी-मार्चचे असले की त्याची सुटका नाही. सिक्स नेशन्स स्पर्धा याच थंडीत चालते. पाहुण्याला बकिंगहॅम पॅलेस बघायचा असतो. डॉक्टर म्हणतात, "तो काय, कुठे पळतोय?" आणि पाहुण्याच्या गळ्यात लाल मफलर पडतो. वहिनी पहाटे उठून बटाटेवडे तळतात. मोठी पिशवी स्टेडियममध्ये नेता येत नाही, म्हणून वडे फॉइलमध्ये गुंडाळून डॉक्टरांच्या कोटाच्या आतल्या खिशात जातात. हृदयाच्या बरोबर वर. वहिनींचं म्हणणं, त्या जागी सध्या ऊब असेल तर ती वड्यांचीच.

कार्डिफच्या आगगाडीत पाऊल ठेवलं की डॉक्टरांचं 'आपण' सुरू होतं. "आपण १९०५ साली न्यूझीलंडला पाडलं." १९०५ साली डॉक्टरांचे आजोबा कराडजवळ कुठल्याशा गावी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात असतील. पण आपण म्हणजे आपण. न्यूझीलंडवाल्यांनी हाका नाच केला, त्याला उत्तर म्हणून आपल्या टेडी मॉर्गनने राष्ट्रगीत सुरू केलं, सगळ्या मैदानाने उचलून धरलं, आणि खेळाच्या मैदानावर सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायची जगातली चाल तिथून पडली, असं म्हणतात. मॅच तीन-शून्य. ट्राय, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवणं, मॉर्गनचाच; तेव्हा त्याला तीनच गुण मिळत. न्यूझीलंडचा डीन्स म्हणत राहिला की मीही ट्राय केला होता, रेफरी लांब होता. त्याने वर्तमानपत्राला तारसुद्धा केली. डॉक्टर ही हकीकत अशी सांगतात की जणू ते स्वतः गोलरेषेवर पालथे पडून बघत होते. "अलीकडे होता. चांगला सहा इंच अलीकडे." समोरच्या बाकावरचा निवृत्त खाणकामगार मान हलवतो. त्याचाही जन्म तेव्हा झालेला नसतो. १९५३ साली आपण त्यांना पुन्हा हरवलं, हेही डॉक्टर सांगतात. त्यानंतर आजवर एकदाही नाही, हे पाहुण्याने स्वतः शोधून काढायचं असतं.

पाँटीप्रिद स्टेशन आलं की उजवीकडे-डावीकडे बोट दाखवत ते सांगतात की ते राष्ट्रगीत इथलंच. १८५६ साली बाप-लेकांनी मिळून केलं, बापाने शब्द आणि मुलाने चाल. या बाप-लेकांची नावं इव्हान जेम्स आणि जेम्स जेम्स. डॉक्टरांना दुसऱ्या नावाचं फार कौतुक आहे; फॉर्म भरायला सोपं पडत असेल म्हणतात. राष्ट्रगीत वेल्श भाषेत आहे आणि खोऱ्यातल्या निम्म्याहून जास्त मंडळींना वेल्श येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही. तरी अक्षर न अक्षर पाठ. पाहुण्याने अर्थ विचारला की ठरलेलं उत्तर येतं: "आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणतोस ना घसा फोडून? सांग बरं अर्थ."

कार्डिफचं स्टेडियम गावाबाहेर माळावर नाही, भर शहरात आहे. एका अंगाला टॅफ नदी, दुसऱ्या अंगाला बाजारपेठ, आणि स्टेशन हाकेच्या अंतरावर. मॅचच्या दिवशी आसपासचे रस्ते मोटारींना बंद. सगळा गाव पायी. डोक्यावर पिवळ्या डॅफोडिलच्या पाकळ्या बांधलेले साठीचे आजोबा, लाल ड्रॅगनची शाल पांघरलेल्या आज्या, गालावर झेंडे रंगवलेली पोरं, आणि दर दहा पावलांवर "ऑलराइट, डॉक?" डॉक्टर प्रत्येकाला हात करतात आणि पाहुण्याच्या कानात हळूच सांगतात: "गुडघा... मूळव्याध... हिला सांगितलंय साखर बंद कर, बघ हातात काय आहे." वैद्यकीय गोपनीयतेची त्यांनी घेतलेली शपथ मॅचच्या दिवशी शिथिल होत असावी.

आत शिरल्यावर आणखी एक प्रवचन असतं, छपराचं. या स्टेडियमला सरकतं छप्पर आहे, वीसेक मिनिटांत मिटतं. ते मिटवायला पाहुण्या संघाची संमती घ्यायची चाल होती, आणि पाहुणे चलाखीने नाही म्हणायचे, कारण छप्पर मिटलं की चौऱ्याहत्तर हजारांचा आवाज आतल्या आत घुमतो. १९९९ च्या जूनमध्ये स्टेडियम अजून अर्धं बांधून व्हायचं होतं, तेव्हा पहिलीच मॅच खेळली गेली आणि आपण दक्षिण आफ्रिकेला इतिहासात पहिल्यांदा हरवलं. डॉक्टरांचं पक्कं मत आहे की छप्पर मिटलेलं असेल तर वेल्स हरत नाही. हरलंच तर छप्पर नीट मिटलेलं नसतं.

मग येतो बोकड. बँड वाजतो, पायदळाच्या रॉयल वेल्श रेजिमेंटचा पांढराशुभ्र बोकड, शिंगं चकचकीत, ऐटीत मैदानात येतो. चौऱ्याहत्तर हजार लोक उठून कौतुक करतात. एकदा डॉक्टरांच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांना खेळातलं काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं, पण बोकड बघून त्यांनी एक रास्त प्रश्न विचारला: "आणि नंतर?" डॉक्टर दुखावले. त्यांनी सांगितलं की तो सैनिक आहे, नोकरीत आहे, आणि याच रेजिमेंटच्या एका बोकडाला २००६ साली सायप्रसमध्ये राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात बेशिस्त वागल्याबद्दल लान्स कॉर्पोरलचा साधा शिपाई करण्यात आलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "बघ. आमच्या झेडपीत अजून एकाला नाही केलं."

खेळाचे नियम डॉक्टर पाहुण्याला समजावून देतात. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, आणि तरी पुढे जायचं. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, त्याचे आता पाच गुण, वरून लाथ बरोबर बसली की आणखी दोन, पेनल्टीला तीन. इथपर्यंत पाहुणा तग धरतो. मग स्क्रम होतो. आठ विरुद्ध आठ धटिंगण एकमेकांत डोकी खुपसून वाकतात, चेंडू खाली कुठेतरी जातो, सगळे कोसळतात, शिट्टी वाजते. पाहुणा विचारतो, "काय झालं?" डॉक्टरांच्या कानात छोट्या रेडिओचा इअरफोन असतो, स्टेडियममध्ये असे रेडिओ मिळतात, त्यातून रेफरी खेळाडूंशी काय बोलतो ते ऐकू येतं. डॉक्टर दोन मिनिटं गंभीरपणे ऐकतात आणि सांगतात, "त्यालाही माहीत नाही."

मॅचमध्ये खरा व्यत्यय बिअरवाल्यांचा. रांगेतला प्रत्येक जण ऐंशी मिनिटांत दोनदा बिअर आणायला जातो आणि त्यामुळे चारदा दुसरीकडे जातो. दरवेळी सगळ्या रांगेने उठायचं. डॉक्टर उठताना त्यांच्याकडे डॉक्टरच्याच नजरेने बघतात. एकदा शेजारच्याला ते म्हणाले होते, "चार वेळा? प्रोस्टेट दाखवून घे." तो माणूस खरंच येऊन दाखवून गेला.

आणि वेल्सने ट्राय केला तर? तर सगळं स्टेडियम उसळतं, मागचा सहा फुटी प्लंबर डॉक्टरांना उचलून मिठी मारतो, आणि वड्यांचा निकाल लागतो. कोटाच्या खिशातून फॉइल बाहेर येतं तेव्हा आत एकच मोठा चपटा वडा असतो, हिरव्या चटणीचा ओघळ लाल जर्सीवर ड्रॅगनच्या शेपटीपर्यंत आलेला. प्लंबर ओशाळत नाही. तो दरवर्षीचा शेजारी आहे. तो हात पुढे करतो, त्या लगद्यातला मोठा तुकडा मोडून घेतो आणि बघता बघता संपवतो. गेल्या काही वर्षांत ट्राय कमी पडतात, त्यामुळे वडे बरेचदा गोल राहतात. प्लंबरला ते तितकेसे रुचत नाहीत.

ट्राय कमी पडण्याचं कारण संघाची अवस्था. २०२३ च्या ऑक्टोबरपासून २०२५ च्या जुलैपर्यंत वेल्स ओळीने अठरा कसोटी सामने हरलं. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडने इथेच, याच छपराखाली, ६८-१४ असा धुव्वा उडवला. डॉक्टर तिथे होते. त्या मॅचबद्दल विचारलं की ते विषय बदलत नाहीत, साल बदलतात. "२०१३ ला हेच इंग्लंड स्पर्धेतले सगळे सामने जिंकून इथून ग्रँड स्लॅम न्यायला आलं होतं. आपण तीस-तीन मारलं." तीस-तीन हा आकडा त्यांच्या मोबाइलचा पासकोड असल्याचा वहिनींना संशय आहे. पासष्टीच्या घरातला, हृदयरोगावर व्याख्यानं देणारा माणूस दर वर्षी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून हे दुःख विकत घेतो. वहिनी विचारतात, घरी टीव्हीवर हरलेलं दिसत नाही का? दिसतं. पण घरी सोबतीला चौऱ्याहत्तर हजार माणसं रडायला नसतात.

जे. पी. आर. विल्यम्सचं नाव निघालं की मात्र डॉक्टर गहिवरतात. सत्तरच्या दशकातला वेल्सचा फुलबॅक, आणि व्यवसायाने हाडांचा सर्जन, म्हणजे आपल्यातलाच. १९७८ मध्ये ब्रिजेंडकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळताना त्याच्या गालावर बुटाचे खिळे रुतले. डॉक्टर असलेल्या वडिलांनी तिथल्या तिथे तीस टाके घातले आणि तो पुन्हा मैदानात उतरला. ही गोष्ट खोऱ्यातल्या प्रत्येक पेशंटला तोंडपाठ आहे, कारण बोट कापून कुणी आलं की डॉक्टर सुई ओवताना हीच सांगतात आणि शेवटी म्हणतात, "तुला फक्त तीन आहेत." भूल देऊन झालेली असते की नाही, हे त्या ओघात कधी कधी राहून जातं, असं लोक म्हणतात.

मॅच संपल्यावर स्टेशनबाहेर ज्याच्या त्याच्या गावच्या गाडीप्रमाणे लांबच लांब रांगा लागतात. ऱ्हाँदा खोऱ्यात जाणाऱ्या ट्रीहर्बर्टच्या गाडीच्या रांगेत डॉक्टरांचा दुसरा दवाखाना उघडतो. थंडीत कुडकुडत कुणी बाही वर करून पुरळ दाखवतो, कुणी खांदा दाखवतो, मागून एखादी बाई ओरडून गोळ्या दिवसातून दोनदा की तीनदा ते विचारते. डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात: "सोमवारी ये." नऊ वाजेपर्यंत निम्मी रांग गाऊ लागते. जिंकलेले असोत की हरलेले, गाणी तीच. डॉक्टरांचा आवाज त्याआधीच गेलेला असतो, म्हणून ते नुसतेच ओठ हलवतात.

सोमवारी दवाखान्याबाहेर दहा-बारा जण बसलेले असतात आणि कुणाच्याच घशातून आवाज निघत नाही. आत डॉक्टरांच्याही नाही. पेशंट घशाकडे बोट दाखवतो, डॉक्टर स्वतःच्या घशाकडे बोट दाखवतात, आणि प्रिस्क्रिप्शनऐवजी कागदावर 'मीठ, हळद, कोमट पाणी' लिहून देतात. गावच्या दुकानात मॅचनंतर हळद संपते, त्याचं कारण हे. दुकानदारीण हल्ली सिक्स नेशन्सचं वेळापत्रक बघूनच ऑर्डर देते, आणि इंग्लंडची मॅच असली तर दुप्पट.