बंद पडा, मग तिकीट लावू

जानेवारी १६६४ मध्ये आपली मंडळी सुरतेत शिरली तेव्हा तिकीटखिडकी नव्हती. आता चौकबाजारातल्या किल्ल्याला ती आहे. मराठी पर्यटक निमूट रांगेत उभा राहतो, आत जातो आणि पहिल्याच दालनात विचारतो, 'महाराजांनी लुटलं ते नेमकं कुठं?' इथं नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा पडतो. किल्ला लुटलाच नव्हता. शहराचा रखवालदार इनायत खान रयतेला वाऱ्यावर सोडून याच भिंतींआड दडून बसला होता. पोर्तुगीजांनी पुन्हा शहर जाळू नये म्हणून १५४० च्या दशकात बांधलेला हा किल्ला वेळेला कामाला आला तो एका माणसाच्या, दडायला! लढला नाही म्हणून टिकला, टिकला म्हणून महापालिकेनं त्याची डागडुजी केली. काम मात्र झकास झालंय, नावं ठेवायला जागा नाही.

तिथून पुढे ठरलेली वाट. १६४४ ची मुघलसराई: तिथं महापालिकेचं मुख्यालय आहे. पूर्वी या सराईत प्रवासी मुक्कामाला असायचे, आता फायली असतात. मग कतारगामला इंग्रजांचं कबरस्तान. आपल्या लोकांपासून वखार वाचवणारा जॉर्ज ऑक्सेंडन तिथं भावाशेजारी असा ऐसपैस झोपलाय, की व्यापारी होता की बादशहा असा प्रश्न पडावा. मग डचांचं कबरस्तान, मग खायला लोचो, मग घारी, मग रिंगरोडच्या कापडबाजारात साड्या. या शेवटच्या मुक्कामी १६६४ ची व्याजासकट परतफेड होते. पर्यटन संपन्न.

या वाटेवर बमरोली नाही. का असावी? बमरोलीत घुमट नाहीत. पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या या भागात पत्र्याच्या शेड आहेत, रंगाई-छपाईच्या मिलची धुराडी आहेत आणि कापडाच्या ताग्यांनी गळ्यापर्यंत भरलेले टेम्पो आहेत. मागांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की कान बंद होतात. आतली माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलतात. एकेकाकडं कितीतरी माग. तो दोन रांगांमधून येरझाऱ्या घालतो, धागा तुटला की चिमटीत धरून गाठ मारतो, माग चालू करतो, पुढं सरकतो. बारा तास हेच, आणि पैसे विणलेल्या मीटरवर. सात वाजले की दिवसपाळी बाहेर, रातपाळी आत. खोलीवरचं अंथरूणसुद्धा पाळीनंच वापरलं जातं; एक उठला की दुसरा त्याच उबेत.

माग चालवणारे पुष्कळसे ओडिशाचे. पण शेडबाहेर चहाच्या टपरीवर थांबा. 'कथा चालना भाऊ?' असं अहिराणीत कानावर पडलं तर दचकू नका. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबार पिढ्यान् पिढ्या राहतंय. श्रावणात इथं कानबाई बसते, रोट होतात, आणि संध्याकाळी गाडीवर शेवभाजीचा रस्सा असा लाल, की लोचोवाल्यानं लांबूनच नमस्कार करावा. इथल्या नवसारी मतदारसंघाचे खासदार सी. आर. पाटीलही मूळचे जळगाव जिल्ह्याचेच. म्हणजे खानदेशी माणूस इथून लोकसभेत पोचला, पण सुरतच्या सहलीच्या नकाशात अजून पोचायचाय.

खरं तर इतिहासात त्याचा हक्क ऑक्सेंडनपेक्षा जुना. सुरत बंदरात जहाजं भरायची ती कशानं? बऱ्हाणपूरकडून खानदेशातून तापीच्या अंगानं उतरणाऱ्या कापडानं आणि कापसानं. महाराजांनी १६६४ मध्ये तळ ठोकला तोही बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर. बंदर पुढं गाळानं भरलं, इंग्रजांच्या कंपनीनं १६८७ मध्ये आपलं बस्तान मुंबईला हलवलं, जहाजं आज खाली हजिऱ्याला लागतात. कापड मात्र शहर सोडून गेलं नाही आणि खानदेशही नाही.

पण पर्यटनखात्यांचा कायदा जगभर एकच. धंदा जिवंत असेपर्यंत त्याला वास येतो. मेला की त्याचा वारसा होतो. लिव्हरपूलचा अल्बर्ट डॉक १८४६ मध्ये उघडला, १९७२ मध्ये बंद पडला, १९८८ मध्ये त्याच्या गोदामात टेट कलादालन आलं. जिथं हमाल घाम गाळायचे तिथं लोक कॉफी पितात. पुढं बंदरकाठी नवी बांधकामं इतकी उठली, की २०२१ मध्ये युनेस्कोनं त्या शहराचं नाव जागतिक वारशाच्या यादीतूनच खोडलं. मुंबईनं तर त्याच्याही पुढची मजल मारली: १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, फिनिक्समध्ये मॉल आला, आणि गिरणगाव कसं होतं ते दाखवायला काळाचौकीच्या बंद गिरणीत संग्रहालयाचा घाट घातला गेला. गिरणी कामगार घरासाठी मोर्चे काढतोय, त्याचा धोटा मात्र काचेच्या पेटीत बसायची वाट बघतोय.

बमरोलीची अडचण एवढीच, की ती बंद पडलेली नाही. आणि बघण्यासारखं तर भरपूर आहे! इथं महापालिकेचा प्रकल्प २०१४ पासून शहराचं सांडपाणी कारखान्यात चालेल इतकं स्वच्छ करतो आणि पांडेसराच्या मिलना विकतो. क्षमता सुरुवातीलाच रोज चार कोटी लिटर. गिऱ्हाइकाच्या अंगावरची साडी कुणाच्या मोरीच्या पाण्यात रंगलीय, हे कळलं तर बाजारात भाव पडेल म्हणून कदाचित कुणी बोलत नसेल. मला विचाराल तर ऑक्सेंडनच्या घुमटापेक्षा हा चमत्कार मोठा. चालू मागाची शेड, हा प्रकल्प, सात वाजताचा पाळीबदल आणि शेवभाजी, एवढी सहल महापालिकेनं आखावी. मात्र तिकिटाचे पैसे मीटरवाल्याच्या खिशात जावेत.

ती आखेपर्यंत थांबायचं कारण नाही. भुसावळकडून येणारी गाडी सुरतेच्या आधी उधन्याला लागते. तिथंच उतरा, बमरोलीला रिक्षा मिळते.