माकडहाड

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत अण्णांचा कुलवृत्तांत प्रसिद्ध आहे. खाकी कव्हर, आत 14 पिढ्या. मूळ पुरुष कोकणातून घाट चढून आला. तिथून पुढचं सगळं लग्नमुंजींसकट पाठ. मूळ पुरुषाचे वडील कोण, असं विचारलं की अण्णा पंखा बंद करायला उठतात.

माकडाचा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही. जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, डार्विन चूक, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलंच नाही. त्या दिवशी अण्णांनी जिन्यात पेढे वाटले. माणशी अर्धा. "पुण्याचे पोलीस आयुक्त होते ते! साक्षीदाराशिवाय केस उभी राहत नाही, हे त्यांना नाही तर कुणाला कळणार?"

"मूळ पुरुषाला घाट चढताना कुणी पाहिलं होतं?" मी विचारलं. पुढे आठवडाभर त्यांनी माझा पेपर मागितला नाही.

आजची माकडं आपले आजोबा नव्हेत, फार लांबची चुलत भावंडं, असं नातीनं समजावलं. अण्णा आणखी भडकले. "म्हणजे भाऊबंदकी! वाड्याच्या दाव्यात आधीच 23 वाटेकरी आहेत."

गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरले. डॉक्टर म्हणाले, माकडहाडाला मार बसलाय.

"याला दुसरं नाव नाही का हो?"

"शेपटीचं शिल्लक राहिलेलं टोक, अण्णा," नात म्हणाली. ती डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकते.

अण्णा महिनाभर रबरी रिंगेवर बसून होते. दुखणं विचारलं तर 'कमरेचं' सांगत.

बरे झाल्यावर नातीनं त्यांना रिक्षानं येरवड्याला, कॉलेजच्या संग्रहालयात नेलं. मीही गेलो, असले प्रसंग चुकवायचे नसतात. काचेआड अश्मयुगीन हातकुऱ्हाड होती, दोन्ही अंगांनी छिलके काढून टोक आणलेली. अण्णा वाकून बघत राहिले. काचेबाहेर त्यांचा पंजा आपोआप तसाच वळला.

"पकड चांगली आहे," ते पुटपुटले. मग घसा खाकरून, "यांचं मूळ गाव?"

"अशा कुऱ्हाडी आपल्याकडे बोरीला मिळाल्यात. कुकडीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेच्या थरापाशी. राखेच्या वयावरून विद्वान अजून भांडतायत."

"कुठली बोरी?"

"जुन्नर तालुका."

अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला आणि छत्री उचलली.

"घाटावरचे. म्हणजे आपल्यातले नव्हेत."