रा. रा. बॉम्बतज्ज्ञ प्रेक्षक यांस



इराकमधल्या बॉम्बनाशक पथकावरचा ‘द हर्ट लॉकर’ हा चित्रपट पाहून आपण दिलेले दोन्ही निकाल कानावर आले. पहिला : “छे, असं कुठं असतं का?” दुसरा, त्याच दमात : “दोन तास अकरा मिनिटं बसलो, काही घडेल तर शपथ!” दोन्हींखाली सही आपलीच असल्याने उत्तरही एकाच पाकिटात पाठवतो आहे. तेवढाच टपालखर्च वाचला.

आधी पहिला निकाल. आपल्याला खरंखुरं हवं आहे ना? मग खरंखुरंच दाखवू. रस्ता बंद. माणसं मागे हटवलेली. एक यंत्रमानव खडखडत पुढे जातो, त्याचा कॅमेरा जे दाखवील ते कुणीतरी लांब बसून बघतो. बराच वेळ बघतो. यंत्रमानव परत येतो, सामान घेऊन पुन्हा जातो. पुन्हा बराच वेळ. मग ती वस्तू लांबूनच उडवून देतात, नाहीतर पाण्याचा जबरदस्त मारा करून, ती फुटायच्या आत तिचं सर्किट मोडून टाकतात. संपलं. माणूस पुढे जातो तो शक्यतो बाकीचे उपाय हरल्यावरच. अंगावर चाळीसेक किलोंचा सूट, आणि त्या सूटला सहसा हातमोजे नसतात, कारण बोटं मोकळी लागतात. सगळं अंग झाकलेलं. जे बॉम्बला भिडणार, नेमकं तेच उघडं. हे आपण किती वेळ बघाल? दहाव्या मिनिटाला पॉपकॉर्न आणायला उठाल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दिग्दर्शक कॅथरिन बिगेलोबाईंनी सुरुवात इथूनच केली आहे. यंत्रमानव ओढत असलेल्या गाड्याचं चाक निखळतं, म्हणून सार्जंटला सूट चढवून चालत जावं लागतं, आणि तो परत येत नाही. सार्जंट म्हणजे गाय पिअर्स, चांगला नावाजलेला नट. त्यावर आपली तक्रार काय, तर एवढा मोठा नट घेतला आणि सुरुवातीलाच मारला, पैसे वाया! कुणाचे, ते आपण सांगितलं नाहीत.

आपली खरी भूक घड्याळाची आहे, हे मी जाणतो. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये अणुबॉम्बचं घड्याळ बरोब्बर ००७ वर थांबलं, आणि १९७४ च्या ‘जगरनॉट’मध्ये रिचर्ड हॅरिसपुढे लाल की निळी हा पेच आला. तेव्हापासून दोन वायरींच्या पलीकडच्या बॉम्बला आपण बॉम्ब मानायलाच तयार नाही. इथे जेरेमी रेनरचा सार्जंट जेम्स मातीतली एक वायर उचलून ओढतो, आणि त्याच्याभोवती जमिनीतून अनेक तोफगोळे डोकं वर काढतात. तिथे रंगाची चौकशी कोण करणार?

घड्याळ आहे हो, तेही आहे. एका माणसाच्या अंगावर स्फोटकांचा सापळा कुलपं घालून जखडलेला, त्यावर वेळ उलटी धावते आहे आणि तो रडत गयावया करतो आहे. जेम्स कटरने एक कुलूप तोडतो, पण कुलपं खूप, वेळ थोडा. तो त्या माणसाची माफी मागतो आणि पळत सुटतो. मग स्फोट. यावर आपण म्हणालात, “मग कसला आलाय हीरो!” आपलं घराणं जुनं आहे. १९३६ च्या ‘सॅबोटाज’मध्ये हिचकॉकने बसमधला बॉम्ब एका लहान मुलासकट फुटू दिला, तेव्हा प्रेक्षक इतके चिडले की आपण चुकलो, असं त्याने पुढे मान्य करून टाकलं. बिगेलोबाई काही मान्य करायला तयार नाहीत.

“असं नसतं” म्हणायचा हक्क ज्यांना आहे, ते आपल्याआधीच बोलून गेले आहेत. पटकथाकार मार्क बोल हा पत्रकार. २००४ मध्ये तो इराकमध्ये बॉम्बनाशक पथकाबरोबर राहून आला होता. तरी इराकमधून परतलेल्या कित्येक सैनिकांनी चित्रपटाची साल काढली. असं पथक एकटंच गाडी घेऊन बगदादभर भटकत नाही. त्याचा जवान रात्री एकटा कुंपणाबाहेर पडून सूड घ्यायला गल्लीबोळांत शिरत नाही. आणि २००४ च्या बगदादमध्ये हे लोक जो गणवेश घालून हिंडतात, तो सैन्याला मिळू लागला २००५ मध्ये! मला त्यांचं पटतं. ते रात्रीचं प्रकरण तर सपशेल फसलं आहे. पण गंमत बघा : गोळ्या, पाठलाग, अंधार, एकटा वीर, हे सगळं आपण मागितलेलंच. चित्रपट सगळ्यात खोटा वागतो तो आपल्या फर्माइशीबरहुकूम वागतो तेव्हा.

आता “काही घडत नाही” याबद्दल. जेम्स घरी परततो. सुपरमार्केटमध्ये न्याहारीच्या खोक्यांची भिंतच्या भिंत उभी आहे, वर दिव्यांचा पांढरा उजेड, आणि त्याला त्यातलं एक निवडायचं आहे. तोफगोळ्यांतून वायर उपसणारा माणूस तिथे नुसता उभा राहतो. कुठलंतरी खोकं गाडीत टाकतो. नंतर तो पुन्हा सूट चढवून चालायला लागतो. हा प्रसंग चालू असताना आपण कुठे होता? फोनवर होता, असं आपल्या शेजारच्या खुर्चीकडून समजतं.

खरं तर “काही घडलं नाही” याची मजा आपल्याला कळायला हवी. स्टेशनवर बेवारस बॅग सापडते, बॉम्बशोधक व नाशक पथक येतं, श्वान हुंगतो, बॅगेतून जेवणाचा डबा निघतो. दोरीपलीकडे मोबाइल उंच धरून, दोरी कशासाठी आहे याचा विचार न करता, जे उभे असतात त्यांत आपण होता. डबा निघाल्यावर आपला चेहरा पडला होता. पथकाचा नव्हता.

मार्च २०१० मध्ये या चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाले. दिग्दर्शनाचं ऑस्कर पहिल्यांदाच एका बाईला मिळालं. हरलेला तगडा उमेदवार ‘अवतार’, म्हणजे बाईंच्या आधीच्या नवऱ्याचा चित्रपट. हा तपशील आपल्याला बाकी कथेपेक्षा चांगला पाठ आहे. तिकीटबारीचे आकडे मात्र पाठ नसतील. अमेरिकेत ‘अवतार’ने सुमारे ७५ कोटी डॉलर गोळा केले, ‘हर्ट लॉकर’ने साधारण १.७ कोटी. म्हणजे ज्यांनी यावर मत दिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो तेव्हा पाहिलाच नसावा. आपण निदान बसला तरी होता. तेव्हा विनंती अशी, की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तो एकदा पहिल्यापासून बघा, आणि मग हवी तेवढी तक्रार करा. गणवेशापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
शेजारच्या खुर्चीतला